बोटं पांढरी पडतात: अ‍ॅम्लोडिपिन घ्यावं की टॅडालाफिल?

स्क्लेरोडर्मा (कातडी कडक होते), ल्युपस किंवा एमसीटीडी (मिक्स्ड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज) हे प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचे आजार असलेल्या बऱ्याच जणांची बोटं गारव्यात आधी पांढरी, मग निळी, मग लाल होतात. याला रेनॉड म्हणतात. नागपुरात अनेकांना हा डिसेंबर-जानेवारीचा त्रास वाटतो. पण मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना बर्डीवरच्या एखाद्या एसी दुकानात शिरा, पाच मिनिटांत बोटं पांढरी होतात. फ्रिजमधली बाटली काढली तरी तेच. म्हणून 'हिवाळ्यापुरती गोळी' हा हिशेब इथे बऱ्याच जणांना जमत नाही.

डॉक्टर सहसा सुरुवात निफेडिपिन किंवा अ‍ॅम्लोडिपिनने करतात. या बीपीच्या गोळ्या आहेत. बोटांतल्या आवळलेल्या रक्तवाहिन्या त्या सैल करतात. अ‍ॅम्लोडिपिन दिवसातून एकदा घ्यायचं, स्वस्त आहे, जनऔषधी केंद्रातही मिळतं. निफेडिपिन घ्यायचं तर हळूहळू विरघळणारी गोळीच. साध्या कॅप्सूलने बीपी झपकन खाली येतो. पावलं सुजणं ही दोन्हींची मुख्य तक्रार, आणि उन्हाळ्यात ती वाढते. ज्यांचा बीपी मुळातच 100 च्या आसपास आहे, त्यांना घाम गाळून आल्यावर उठताना गरगरतं. (ग्रेपफ्रूटने निफेडिपिनचा परिणाम वाढू शकतो. आपल्या संत्र्याची तशी अडचण नाही, खुशाल खा.)

टॅडालाफिल आणि सिल्डेनाफिल हा दुसरा गट. सिल्डेनाफिल म्हणजे व्हायग्रातलंच औषध. मेडिकलवाला चिठ्ठीकडे एकदा आणि समोरच्या बाईकडे एकदा बघतो, तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. लाजेपायी गोळी टाळू नका. हीच औषधं फुफ्फुसांतला रक्तदाब वाढलेल्या स्क्लेरोडर्माच्या पेशंटनाही देतात. सिल्डेनाफिल दिवसातून दोन-तीनदा घ्यावं लागतं, टॅडालाफिल बहुधा एकदाच. डोकं दुखतं, चेहरा तापतो, टॅडालाफिलने कंबरही धरते. खर्च अ‍ॅम्लोडिपिनपेक्षा जास्त. हृदयासाठी नायट्रेट, म्हणजे जिभेखालची सॉर्बिट्रेट, चालू असेल तर हा गट पूर्ण बाद. बोटांना लावायचं नायट्रोग्लिसरीन मलमही त्यासोबत नको.

झटके दोन्हींनी कमी होतात, बंद होत नाहीत. स्क्लेरोडर्मात अन्ननलिका आधीच ढिली असते, त्यामुळे छातीतली जळजळ दोन्हींनी वाढू शकते.

माझं मत विचाराल तर, बीपी ठीक आणि बोटांना जखम नाही, तर अ‍ॅम्लोडिपिनपासून सुरू करावं. बोटांच्या टोकांना जखमा होत असतील किंवा पायांची सूज सोसवत नसेल, तर महिनोन्‌महिने तीच गोळी ओढत बसू नका, टॅडालाफिलबद्दल डॉक्टरांशी बोला. कधी कधी डॉक्टर दोन्ही कमी मात्रेत एकत्र देतात. जखमा पुन्हा पुन्हा होत असतील तर बोसेंटान. ते नव्या जखमा रोखतं, जुन्या भरत नाही, त्यावर लिव्हरची तपासणी नियमित लागते आणि गरोदरपणात ते चालतच नाही.

खर्रा (तंबाखू-सुपारी) चालू असेल तर मात्र यातली कुठलीही गोळी अर्धवटच चालणार, कारण निकोटिन त्याच रक्तवाहिन्या आवळतं. सर्दीच्या स्यूडोएफेड्रिनवाल्या गोळ्याही तेच करतात. मायग्रेनसाठी प्रोप्रानोलॉल किंवा अर्गोटामिन चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, पण प्रोप्रानोलॉल स्वतःहून एकदम बंद करू नका. आणि बोटाचं टोक काळं पडलं किंवा दुखणं थांबतच नसेल, तर ओपीडीच्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) किंवा एम्सची इमर्जन्सी गाठा. तिथे भरती करून सलाईनमधून रक्तवाहिन्या उघडणारं औषध देता येतं.