जेरुसलेममध्ये ‘उठावातलं शेकेल’ कुणी विकत असेल तर सांभाळा

माझे मामा ठाण्याचे, बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी यहुदी. यंदा पहिल्यांदाच आमच्याकडे इस्राएलला आले आणि जुन्या जेरुसलेममधल्या एका दुकानदाराने त्यांना लुबाडलं. तिकडून येणारे आपले लोक त्या गल्ल्यांतून हमखास फिरतात, म्हणून सविस्तर लिहिते.

दुकानदाराने मखमली डबीतून चांदीचं नाणं काढलं. इ.स. ६६ मध्ये यहुद्यांनी रोमन सत्तेविरुद्ध उठाव केला, तेव्हा जेरुसलेममध्ये पाडलेलं हे शेकेल, असं सांगितलं. एका बाजूला धूर निघणारा प्याला, दुसऱ्या बाजूला पानांची फांदी. मग ते मामांच्या तळहातावर ठेवून म्हणाला, “तुम्हीच वाचा.” मामा लहानपणापासून सिनेगॉगमध्ये प्रार्थना वाचत आलेत. एकेक अक्षर लावत त्यांनी वाचलं, ‘शेकेल यिस्राएल’, आणि त्यांचे डोळे भरून आले. नऊशे डॉलर तिथल्या तिथे मोजून दिले.

मेख नेमकी तिथेच होती. त्या उठावातल्या नाण्यांवर प्राचीन हिब्रू लिपी आहे. आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकातली चौकोनी अक्षरं त्यांवर नसतातच. अस्सल शेकेलवर प्याल्यातून धूर येत नाही. प्याल्याच्या वर उठावाचं कितवं वर्ष ते सांगणारं अक्षर असतं, मागे तीन डाळिंबांची डहाळी, आणि वजन साधारण १४ ग्रॅम. धूरवाली शेकेलं युरोपात सोळाव्या शतकापासून बनत आली आहेत. जर्मनीतल्या एका गावावरून जाणकार त्यांना ‘ग्योर्लिट्झ शेकेल’ म्हणतात. मामांच्या गळ्यात मारलेली त्याचीही अलीकडची नक्कल निघाली. भिंगातून पाहिल्यावर कडेने साच्याची शिवण गेलेली दिसली, अक्षरांच्या मध्ये बुडबुड्यांचे बारीक खड्डे. खरी नाणी दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने पाडलेली असतात.

परत गेलो तर दुकानदाराने पावती पुढे केली. त्यावर फक्त ‘भेटवस्तू’ लिहिलेलं. श्रद्धाळू माणसाला त्याच्याच प्रार्थनेच्या अक्षरांनी गंडवायचं, याचा मला अजून संताप येतो.

आणि हेही लक्षात ठेवा: इस्राएलमधून पुरातन वस्तू बाहेर न्यायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. मामांना तो म्हणाला होता, “काही कागद लागत नाहीत, खिशात घालून न्या.” असं कुणी म्हणालं तर पैसे काढूच नका. आधी पुरातन वस्तू विकण्याचा परवाना दाखवायला सांगा, आणि पावतीवर नाण्याचा काळ, वजन आणि ‘अस्सल’ हा शब्द त्याच्या सहीनिशी लिहून घ्या.