डोझिंग पंप झकास आहे, पण पाइप आधी धुवा

5 पैकी साडेतीन. दीड स्टार कापलाय तो पंपाचा कमी आणि बसवून देणाऱ्याचा जास्त.

झालं काय, आमच्या डुकरांच्या दूध तोडलेल्या पिल्लांना सारखी हगवण, खाद्य बदललं, औषधं झाली, चार दिवस बरं की परत तेच. डॉक्टर म्हणाले पाणी तपासलंय का कधी? म्हटलं बोअरचं आहे, आम्हीच पितो की! रिपोर्टमध्ये टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि सल्फेट ठीक, पण कोलीफॉर्म (पाणी दूषित असल्याची खूण असलेले जंतू) निघाले, वर लोह जास्त. (सल्फेट जास्त असतं तरी पिल्लं पातळच हगतात आणि त्यावर क्लोरीन काही करत नाही, त्यामुळे आधी रिपोर्ट, मग खरेदी.)

म्हणून पाण्यात क्लोरीन सोडणारा हा डोझिंग पंप घेतला. त्याला लाइट लागत नाही, जेवढं पाणी वाहील त्या हिशोबात क्लोरीन ओढतो, इथे पूर्ण मार्क. पण पंधरा दिवस झाले तरी हगवण तशीच! बसवणारा येऊन टाकीजवळ क्लोरीन तपासायची पट्टी बुडवून गेला, रंग आला, म्हणे सगळं ओके. मग मीच लाइनीतल्या शेवटच्या निपलला (पिल्लं पाणी पितात ती तोटी) पट्टी धरली तर पांढरीफटक. निपल खोलला तर आत तपकिरी, जेलीसारखा बुळबुळीत थर, नखाने निघेल असा. क्लोरीन त्यातच संपत होतं. लोहाच्या पाण्यात असा थर पटकन धरतो आणि आपण पाण्यातून व्हिटॅमिन देतो त्यावरही तो पोसतो, हे कोणी सांगितलंच नाही.

बॅच गेल्यावर रिकाम्या खोलीच्या पाइपलाइनमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड भरून ठेवलं, लाइन सोडली तर गढूळ काढ्यासारखं पाणी आलं बाहेर. आता शेवटच्या निपललाही पट्टीला रंग येतो आणि या बॅचची पिल्लं कोरडी आहेत.

त्याच नादात बाटली धरून धार पण मोजली. पिल्लांना मिनिटाला अर्धा लिटर पुरे, पण व्यालेल्या मादीला दोनेक लिटर हवी, ती दिवसाला 20 लिटरच्या वर पिते, धार बारीक असली की कंटाळून सोडते, मग खाणं कमी आणि दूध पण कमी. माझ्या दोन निपलला निम्मीच येत होती.

तक्रारी: पाण्याचा पीएच 8 च्या वर असेल तर क्लोरीनचा जोर कमी होतो, पाण्यातून लस द्यायची असेल तर पंप आधी बंद करावा लागतो, पुस्तिकेत यातलं एक अक्षर नाही, नुसती चित्रं. आणि ओढायची नळी सहा महिन्यांत कडक होऊन हवा घ्यायला लागली, ती सुटी देत नाहीत, अख्खं किट घ्या म्हणतात.