सोलापूर–नळदुर्ग–गोर्टा: गाडी आणि गाईडसह एक दिवसाची ‘पोलीस अ‍ॅक्शन’ सहल

सकाळी सातला सात रस्त्यावरून निघालं की हायवेने नळदुर्ग तासाभराचं. हैदराबाद संस्थान भारतात आणण्यासाठीची लष्करी कारवाई, म्हणजेच ‘पोलीस अ‍ॅक्शन’, 13 सप्टेंबर 1948 ला सुरू झाली आणि जनरल चौधरींच्या भारतीय फौजा याच बाजूने निजामाच्या मुलखात शिरल्या. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागणं तेव्हा फार गरजेचं होतं. गाईड बॉनेटवर नकाशा पसरतो आणि पूल उडाला असता तर रणगाडे कुठे रुतले असते ते पात्राकडे बोट करून दाखवतो. पैसे इथेच वसूल होतात. किल्ला मात्र धावतपळत. नर-मादी धबधबा पाहायचा असेल तर बोरी भरून वाहत असतानाच जा, एरवी बंधाऱ्याची कोरडी भिंत दिसेल.

गोर्ट्यात गाडी घसरते, म्हणजे गाईडची. रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, मे 1948 मध्ये गाव लुटलं, जाळलं, माणसं मारली. फौजा आल्या चार महिन्यांनी. हा माणूस दोन्ही एकाच लढाईत कोंबतो, त्यामुळे कारवाईआधीचा दबाव कसा वाढत गेला हे कळतच नाही. शिवाय त्याला कन्नड येत नाही. गाव बीदर जिल्ह्यात, तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलणार कोण? स्मारकापाशी वीस मिनिटं आणि परत.

बुक करताना गाडीला ऑल इंडिया परमिट आहे का विचारा. नसेल तर कर्नाटकाचा टॅक्स कोण भरणार ते आधीच ठरवा, टोलचंही. जेवण पॅकेजमध्ये नाही; डबा घ्या, शेंगाचटणी-भाकरी उन्हात टिकते.