मुलांना जिम्नॅस्टिक्सला कुठे घालावं: व्यायामशाळा, क्रीडा संकुल की खासगी अकादमी?

मुंबई, ठाणे किंवा पुण्यात सहा-सात वर्षांच्या मुलासाठी जिम्नॅस्टिक्सचा क्लास शोधायला निघालात की तीन पर्याय हमखास समोर येतात: जुनी व्यायामशाळा, महापालिकेचं किंवा सरकारी क्रीडा संकुल, आणि खासगी अकादमी. चौथा पर्याय सोसायटीच्या क्लबहाऊसमधल्या हॉबी क्लासचा. फरशीवर योगा मॅट अंथरून तिथे मुलांना मागे कोलांट्या मारायला लावत असतील, तर त्याचा विचारच करू नका.

तुलना करण्याआधी आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवायला हवं, कारण या एका नावाखाली बरेच खेळ येतात. आर्टिस्टिकमध्ये बार, व्हॉल्ट यांसारख्या साधनांवर कसरती करतात. मुलींसाठी चार साधनं असतात आणि मुलांसाठी सहा. दीपा कर्माकर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला व्हॉल्टमध्ये (धावत येऊन टेबलावरून घ्यायची उडी) चौथी आली, ती आर्टिस्टिकमध्येच. रिदमिकमध्ये हूप, चेंडू, क्लब्स (हातात फिरवायचे छोटे दांडके), रिबन आणि संगीत असतं. ठाण्याच्या संयुक्ता काळेने खेलो इंडियात सुवर्णपदकं मिळवली ती या प्रकारात. मल्लखांब हा स्वतंत्र खेळ आहे, पण लवचिकपणा, पकड आणि उलटं होण्याची भीती जाणं या तिन्ही बाबतींत मुलाला तो जे देतो ते जिम्नॅस्टिक्सच्या अगदी जवळचं असतं. म्हणून या तुलनेत मी त्यालाही धरलं आहे.

व्यायामशाळेपासून सुरुवात करते, कारण पालक हा पर्याय सगळ्यात आधी खोडतात आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. दादरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर किंवा पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ या संस्थांना शंभर वर्षांची परंपरा आहे. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर झाली आणि समर्थच्या उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. अशा ठिकाणी मूल पहिल्याच दिवशी उड्या मारायला लागत नाही. दंड, बैठका, सूर्यनमस्कार, मग दोरी किंवा पुरलेला मल्लखांब, आणि शेजारी मोठे दादा-ताई. त्यांचं पाहून लहान मुलं निम्मं शिकतात. फी परवडते. उणीव साधनांची. बऱ्याच व्यायामशाळांत स्प्रिंगचा फ्लोअर नसतो, फोमचा खड्डा नसतो, गाद्या जुन्या आणि कडक झालेल्या असतात. पाया घडवायला याने फारसं अडत नाही. पण मुलीला पुढे फ्लोअरवर समरसॉल्ट (हवेतल्या कोलांट्या) शिकायचे असतील तर अडतं, आणि त्या वेळी तिला दुसरीकडे हलवायची तयारी हवी.

क्रीडा संकुलात नेमकं उलट चित्र दिसतं. साधनं पूर्ण मापाची, छत उंच, व्हॉल्टसाठी धावायला पुरेशी जागा. बॅलन्स बीम १० सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच असतो. त्यावर चालायला शिकायचं तर आधी जमिनीवर ठेवलेला बुटका बीम लागतो, आणि तो संकुलात असण्याची शक्यता जास्त. मात्र बॅच पाहून या. एका सरांच्या हाताखाली तीस मुलं असतील तर तुमच्या मुलाच्या वाट्याला उड्यांपेक्षा रांगेत उभं राहणंच जास्त येईल. जिथे स्पर्धेचा संघ तयार होतो तिथे अनुभवी प्रशिक्षकांचं लक्ष साहजिकच संघाकडे असतं, आणि नवख्यांची बॅच त्यांचे विद्यार्थी घेतात. म्हणून भिंतीवरची पदकं बघून प्रवेश घेऊ नका. ‘माझ्या मुलाला रोज कोण शिकवणार?’ एवढंच थेट विचारा.

खासगी अकादमीत बॅच बहुधा लहान, वेळ सोयीची, जागा स्वच्छ, आणि मूल तिथे हसत जातं. लाजऱ्या किंवा पडायला घाबरणाऱ्या मुलासाठी हे फार महत्त्वाचं आहे. रिदमिकसाठी तर अनेक शहरांत हाच खरा पर्याय आहे. पण फी सगळ्यात जास्त, त्यावर कॉश्च्युम, परीक्षा आणि अकादमीच्याच अंतर्गत स्पर्धांचा खर्च. मूल मनापासून खेळतंय असं दिसत असेल तर एक चौकशी आवर्जून करा: इथली मुलं जिल्हा संघटनेच्या आणि शालेय स्पर्धांना उतरतात का? शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात. फक्त अकादमीच्या आतच पदकं वाटली जात असतील, तर तो छंदवर्ग आहे असं समजून फी भरा. छंद म्हणून येणाऱ्याला त्यात काहीच वावगं नाही.

‘एनआयएस कोच’ अशी पाटी तिन्हीकडे दिसेल. एनआयएस म्हणजे पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था. तिचा पूर्ण डिप्लोमा असतो आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो. दोन्हींत बराच फरक आहे. कुठला केलाय ते विचारायला संकोचू नका.

यापुढचं मात्र कागदावर कळत नाही, बॅच चालू असताना बसून बघावं लागतं. नवीन उडी शिकवताना सरांचा हात मुलाच्या कमरेशी किंवा पाठीशी असतो का? पडायचं कसं, हे आधी शिकवतात का? ट्रॅम्पोलिनवर एका वेळी एकच मूल आहे ना? आणि स्प्लिट (पाय पूर्ण फाकवून जमिनीवर बसणं) कसे करून घेतात? रडणाऱ्या मुलाच्या खांद्यांवर भार देऊन ‘बस खाली’ म्हणणारे प्रशिक्षक अजूनही आहेत. तसं दिसलं तर ती जागा कितीही नावाजलेली असो, मुलाला तिथे ठेवू नका. लवचिकपणा महिन्यांच्या सरावाने येतो, दाबून येतो ती इजा. वाढीच्या वयात हाडांच्या टोकांची वाढती पट्टी कच्ची असते. हँडस्टँडनंतर मनगट दुखणं किंवा मागे वाकताना कंबर दुखणं आठवडाभरात थांबलं नाही, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जायला हवं. मुलाने दुखतंय म्हटल्यावर सर त्याला थांबवतात की ‘नाटकं करू नकोस’ म्हणतात, यावरून मला त्या क्लासबद्दल जवळजवळ सगळं कळतं. पालकांना बघायला मनाई असेल, मुलींच्या बॅचला एकही बाई प्रशिक्षक नसेल, तर मी प्रवेश घेणार नाही.

माझा कल सांगायचा तर आठ वर्षांपर्यंत घराजवळची चांगली व्यायामशाळा, आठवड्यातून तीन दिवस. रोजच्या प्रवासात तास-दीड तास जात असेल तर उत्तम संकुलाचाही उपयोग होत नाही, मूल दमूनच पोचतं. पुढे आर्टिस्टिकची ओढ दिसली तर संकुल, रिदमिकची दिसली तर त्यातली अकादमी. उशीर होईल ही धास्ती नको. ऑलिंपिकला उतरायला मुलींना त्या वर्षी सोळा आणि मुलांना अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे सहाव्या वर्षी रोज तीन तास सराव हवाच म्हणणाऱ्याला घाई कशाची आहे, हे विचारायला हवं.

मे महिन्याच्या शिबिरावरून मत बनवू नका, तेव्हा सगळीकडेच गर्दी असते आणि शिकवणारे हात कमी पडतात. जुलैत, शाळा सुरळीत लागल्यावर, संध्याकाळच्या नेहमीच्या बॅचला जाऊन बसा. फी एकदम वर्षाची न भरता आधी एका महिन्याची भरा.