पेल्व्हिसची पुनर्बांधणी: दात्याचं हाड की टायटेनियम?

कॉन्ड्रोसार्कोमासारखी (कूर्चेच्या कर्करोगाची) गाठ काढताना पेल्व्हिसचा, म्हणजे कमरेच्या हाडांच्या कड्याचा, मोठा तुकडा जातो, कधी खुब्याची वाटीसुद्धा. ती जागा भरायला हाडपेढीतलं दात्याचं हाड वापरतात, किंवा थ्रीडी प्रिंट केलेलं टायटेनियम.

दात्याचं हाड साधारण उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवलेलं असतं. त्यातल्या पेशी जिवंत नसतात, म्हणून किडनी प्रत्यारोपणासारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागत नाहीत. शिवाय ऑपरेशन चालू असताना ते हवं तसं कापता येतं. खरी मेख पुढे आहे. रुग्णाच्या हाडाशी ते जुळायला अनेक महिने जातात, केमोथेरपी-रेडिएशनने आणखी उशीर होतो, आणि निर्जीव हाड झीज भरून काढत नसल्याने काही वर्षांनीही मोडू शकतं.

टायटेनियमचा भाग सीटी स्कॅनवरून मापात बनतो, बहुधा वजनही लवकर पेलतो. पण तो तयार होईपर्यंत आठवडे जातात. तेवढ्यात गाठ वाढली तर माप चुकलंच. जंतुसंसर्गाच्या बाबतीत मात्र दोघांवरही भरवसा नको.

वाटी गेली असेल तर माझा कल धातूकडे. वाटी शाबूत आणि रुग्ण तरुण असेल तर दात्याच्या हाडाकडे. फक्त पेल्व्हिसच्या पुढच्या भागातलं प्यूबिस हाड काढलं असेल, तर बहुतेकदा काहीच बसवावं लागत नाही.