स्ट्रेसाच्या धक्क्यावर २२० युरोंना चुना

मिलानहून रेल्वेनं तासाभरात स्ट्रेसा. लागो माज्जोरे तलावाच्या काठाशी पोचताच निळ्या टोपीवाले, गळ्यात ओळखपत्र लटकवलेले लोक आडवे येतात. त्यांच्याकडे बघूसुद्धा नका, सरळ तिकीटखिडकी गाठा.

आम्ही चौघं: आई-बाबा, नवरा आणि मी. टोपीवाला म्हणाला, सरकारी बोट भरली, पुढची दोन तासांनी. माझ्याकडे ‘सगळं धरून’ तिकीट आहे: येण्याजाण्याची बोट, ईसोला बेल्ला बेटावरचा राजवाडा नि बाग, शिवाय ईसोला माद्रे हे दुसरं बेट. माणशी ५५ युरो, चौघांचे २२०. कार्डाचं मशीन अर्थातच ‘बिघडलेलं’. (रोखच मागतोय? चालू लागा.)

आणि ते तिकीट! बोटीचं चित्र, रबरी शिक्का, बॉलपेननं लिहिलेला ४. रक्कम नाही, राजवाड्याचं नाव नाही. मी ते उलटून पाहिलं, मागची बाजू कोरी. कोरी! तरी पर्समध्ये टाकलं. बाबांचे गुडघे दुखत होते, ऊन रणरणत होतं, माणूस गणवेशात होता. तुम्ही काय केलं असतं?

बेल्लाच्या फाटकावरच्या बाईनं कागद परत केला, “हे फक्त बोटीचं.” आई-बाबांची तिकिटं काढून त्यांना आत पाठवलं. दहा गच्च्यांची बाग, पांढरे मोर, सगळं त्यांनीच पाहिलं. आम्ही दोघं बाहेर धुमसत बसलो. न्यायला बोट आलीच नाही. पुन्हा पैसे भरून सरकारी बोटीनं परतलो, तर ती अर्धी रिकामी! बाबांना माद्रेवरचा काश्मिरी सायप्रस वृक्ष पाहायचा होता, २००६ च्या वादळात उन्मळलेला नि पोलादी तारांनी पुन्हा उभा केलेला. तो राहिलाच.

पर्यटन माहिती केंद्रात म्हणाले, पोलिसांकडे जा. पोलीस म्हणाले, खाजगी बोटी कायदेशीर आहेत, पैसे तुम्ही खुशीनं दिलेत, बागेचं कुठे लिहिलंय? बोटीचा नंबर? टोपीवाल्याचं नाव? फॉर्म इटालियनमध्ये, मदत करायला कुणी नाही, जेवणाच्या सुट्टीत दार बंद. माणूस समोरच्या धक्क्यावर उभा होता हो, खिडकीतून दिसत होता! बोट करून दाखवला. साहेबांनी मान वर केली नाही. बोटीत बसण्याआधी टोपीवाल्याचा आणि बोटीच्या नंबराचा फोटो काढा, नाहीतर तक्रारीला काडीची किंमत नाही. आम्हाला शिक्का मारलेली एक प्रत मिळाली. तिच्यावर आमचं आडनावही चुकीचं लिहिलंय.