कानाचं मशीन: शब्द आले, खोच राहिली

वय 72. दोन्ही कानांमागे लावायचं, चार्जिंगवालं मशीन. आठ महिने वापरून लिहितोय.

घेतलं का, ते आधी. जेवताना नोकरीतला एक जुना किस्सा सांगितला. नात म्हणाली, "अय्या आजोबा, हा तर कधी ऐकलाच नव्हता! पुन्हा सांगा ना." मी सांगितला. पहिल्यापासून. सून ताटात बघत होती, मुलाला ठसका लागला. रात्री बायकोने उलगडून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी कान तपासायला गेलो.

मशीनने शब्द परत दिले, यात वाद नाही. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणून स, श, फ गळतात. ते पहिल्याच दिवशी आले. पण टोमणा शब्दांत असतो कुठे? "शहाणे आहात" आणि "शहाऽणे आहात" यांच्यामध्ये अख्खं भांडण मावतं. लांबवलेला आ मला ऐकू यायचा, त्यावरचा जोर नाही. ऑडिओलॉजिस्टबाईंनी कारण सांगितलं: मशीन बारीक आवाज खूप वाढवतं, मोठा तेवढा वाढवत नाही, मग दोघांतलं अंतर आक्रसतं. तिसऱ्या खेपेला त्यांनी ते जरा सैल करून दिलं. थोडा फरक पडला. तेव्हा पहिल्या सेटिंगवर मशीनला शिव्या घालून ते खणात टाकू नका.

सगळं खापर मशीनवर फोडणार नाही. ॲबर्डीन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना संभाषणांचे व्हिडिओ दाखवले होते. सरळ बोलणं ज्येष्ठांना तरुणांइतकंच कळलं, उपरोध मात्र निसटला. माझंही तेच. व्हॉट्सॲपवर "धन्य आहात" आलं की मी हात जोडलेली इमोजी पाठवतो, आणि तिथे तर कानाचा संबंधच नाही! उलट "नाचता येईना, अंगण वाकडं" कुणी म्हटलं की सगळ्यांच्या आधी मी हसतो. मुरलेलं वाकडं बोलणं कळतं, ताजं हुकतं.

आता मशीनबरोबर चष्माही लावतो, नातीच्या समोर बसतो. तिची डावी भुवई वर गेली की किस्सा तिथेच थांबवायचा.

तक्रारी किरकोळ. फोन कानाला चिकटवला की शिट्टी वाजते. कानात बसणारी रबरी टोपी रोज पुसावी लागते.

पाचपैकी साडेतीन. नात म्हणाली, "पाच द्या ना, बिचारं किती कष्ट करतंय." मी साडेतीनच ठेवले, तेव्हा चष्मा डोळ्यांवर नव्हता.